सुरांच्या भेंड्या

इंडस्ट्रियल व्हिजिटची बस हॉस्टेलच्या गेटमधून निघून वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेला लागायच्या आत गाण्याच्या भेंड्या सुरू झाल्याच पाहिजेत, हा आपल्याकडचा अलिखित नियम. या खेळात मी ज्या बाजूला असतो ती बाजू सहसा हरत नाही. कुठलंही अक्षर द्या, मला गाणं आठवतं. फक्त एक अट असते. गाणं मी रूममेटच्या कानात सांगायचं आणि गायचं त्याने. सेकंड इयरला एकदा मी स्वतः गायलो होतो, तेव्हा ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे बघितलं होतं.

तसा हा शिक्का जुनाच आहे. शाळेत स्वागतगीताच्या तालमीला बाई म्हणाल्या होत्या, "तू उंच आहेस, मागच्या रांगेत उभा राहा आणि नुसते ओठ हलव." मी इमानदारीत चार वर्षं ओठ हलवले. त्यामुळे गाणं, सूर वगैरे आपला प्रांत नाही, आपला प्रांत सर्किट, हे मी दहावीच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

आता मित्रहो, भेंड्यांचा खेळ नीट बघा. त्यात तपासतात काय? शेवटचं अक्षर. चाल साफ चुकली तरी भेंडी चढत नाही, पण 'त' च्या जागी 'द' घेतलात तर आख्खी बस ओरडते. म्हणजे हा खेळ गाण्याचा म्हणायचा, पण त्यात कामाला लागते ती शब्दांची आठवण. १९९३ साली झी टीव्हीवर 'अंताक्षरी' सुरू झाली, तिच्यात धून वाजवून गाणं ओळखायची फेरी असायची. तेवढ्यापुरता का होईना, तिथे कानाला काम होतं. बसमधल्या भेंड्यांत तेवढंही नसतं. इतकी वर्षं मी या खेळात जिंकत होतो आणि कान जिथल्या तिथे होता.

हे लक्षात यायला मागची दिवाळी उजाडावी लागली.

माझे बाबा भांडुपच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला होते. सव्वीस वर्षं. नोकरी संपल्यावर आईबाबा गावी, कणकवलीच्या पुढे, राहायला गेले आणि मी इथे हॉस्टेलला आलो. बाबा पखवाज वाजवतात. मुंबईत असताना सेकंड शिफ्ट नसली की भांडुप, कांजूरमार्ग, कधी परळ-लालबाग, जिथे डबलबारी असेल तिथे ते हजर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना. समोरासमोर दोन मंडळं बसतात, एका बुवाची बारी झाली की दुसऱ्याची. पहिल्याने टाकलेल्या कोड्याला, टोमण्याला दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचं. पब्लिक पहाटेपर्यंत हलत नाही. माझ्या मते आपल्या लोकांनी काढलेला गाण्याचा सर्वांत अवघड खेळ हाच, कारण इथे शब्द, सूर आणि ताल यांपैकी एक जरी सुटलं तरी समोरचा बुवा तिथेच पकडतो.

तर दिवाळीत वाडीतल्या मंडळाच्या पखवाजाची पुडी नवीन बसवून आली होती. बाबा हातोडी घेऊन सूर लावायला बसले. बुवांनी पेटीवर काळी चारचा सा धरला. बाबांनी दोनचार ठोके मारले, थाप दिली, पुन्हा मारले. बुवा म्हणाले, "जरासो उतरलो वाटता." बाबा थांबले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आवाज येता माका, पण चढलो काय उतरलो ता कळणा नाय. तू इंजिनेर मा? सांग बघू."

कारखान्यातल्या आवाजाने त्यांचे दोन्ही कान कमी झालेत हे आम्हाला माहीत होतं. पखवाजापर्यंत ते पोचलंय हे माहीत नव्हतं. मला तर काहीच कळत नव्हतं. पण चार माणसांसमोर "माहीत नाही" कसं म्हणणार, म्हणून व्हायवात मारतो तसा अंदाज मारला, "चढलो." बाबांनी गजऱ्याला खालून ठोके देऊन तो आणखी उतरवला. बुवा काही बोलले नाहीत. शेजारच्या मुलाने हातोडी घेतली आणि पाच मिनिटांत सूर लावून दिला. बाबा त्या रात्री वाजवायला बसले खरे, पण त्यानंतर मंडळाचा पखवाज लावायला त्यांनी हातोडी हातात घेतली नाही, असं आईने फोनवर सांगितलं.

हॉस्टेलला परत आल्यावर मी हा प्रॉब्लेम एका ज्युनिअरपुढे ठेवला. हा सांगलीचा, गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रवेशिका पूर्ण झालेला. या परीक्षांत तोंडी भागाला परीक्षक आलाप घेतात आणि विद्यार्थ्याने राग ओळखायचा असतो, हे मला त्याच्याकडूनच कळलं. मी विचारलं, "माझ्यासारख्या बहिऱ्याला हे शिकता येईल का?" तो म्हणाला, "बहिरे आहात की नाही ते आधी मोजू या की." इंजिनिअरिंगला आलेला पोरगा, दुसरं काय म्हणणार!

मोजायचं कसं? ऑडॅसिटी नावाचं ध्वनी-संपादनाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, २००० सालापासूनचं. त्यात हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा शुद्ध टोन तयार करता येतो. आधी ४४० हर्ट्झचा एक टोन, मग क्षणभर शांतता, मग थोडा वेगळा दुसरा. ऐकणाऱ्याने कागदावर एकच शब्द लिहायचा, 'चढा' किंवा 'उतरा'. लागोपाठ दोन बरोबर आले की फरक निम्मा, एक चुकला की फरक दुप्पट. फरक मोजायचं माप म्हणजे सेंट. एका सप्तकाचे १२०० सेंट, पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये १००. म्हणजे ४४० वर १०० सेंट चढवले की ४६६ हर्ट्झ, ५० ला साधारण १३ हर्ट्झचा फरक, १० ला अडीच हर्ट्झचा. विसाव्या सेंटच्या आसपास भल्याभल्यांची विकेट जाते. आम्ही याला 'चढउतार' म्हणायला लागलो. कॉमन रूममध्ये फळ्यावर रोजचा स्कोअर. हरणाऱ्याने रात्री सगळ्यांना कटिंग पाजायचा.

पहिल्या दिवशी मी १०० सेंटलाच गडबडलो. पण माझ्या चुका बघून ज्युनिअरच्या लक्षात एक गोष्ट आली. लॅपटॉपच्या स्पीकरमधून जो टोन मोठ्याने यायचा त्याला मी 'चढा' म्हणत होतो. दोन्हींचा मोठेपणा सारखा केल्यावर मी पहिल्याच संध्याकाळी ५० सेंटपर्यंत उतरलो.

हे जरा थांबून बघण्यासारखं आहे. आपण घरात म्हणतो, "आवाज चढवू नकोस." म्हणजे काय? ओरडू नकोस. "वरच्या आवाजात बोलला" म्हणजे मोठ्याने बोलला. टीव्हीचा आवाज 'वाढवतो' आणि सूरही 'वाढतो'. आपल्या रोजच्या भाषेत मोठेपणा आणि उंची यांना जवळजवळ एकच शब्द आहे. गाणाऱ्या घरातल्या मुलाला हा फरक कोणी न सांगताच कळतो, बाकीच्यांना कोणी सांगतच नाही. बाई म्हणायच्या, "वर घे," आणि मी जोर लावायचो. त्या आणखी "वर" म्हणायच्या, मी आणखी ओरडायचो. मग काय, मागची रांग. माझा कान बंद नव्हता, मी चुकीच्या बटणाला हात लावत होतो. एवढं कळायला एकवीस वर्षं आणि एक फुकटचं सॉफ्टवेअर लागलं.

सुरांचे फरक मुळातच न कळणारी माणसं असतात, नाही असं नाही. पण जन्मजात तशी अडचण असलेल्यांचं प्रमाण शंभरात दीड ते चार इतकंच धरतात. 'मला गाण्यातलं काही कळत नाही' म्हणणारे आपल्या एकेका फ्लोअरवर याच्या दसपट सापडतील. २००६ साली 'हिअरिंग रिसर्च' या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. सुरुवातीला संगीत न शिकलेल्यांना ओळखता येणारा लहानात लहान फरक हा मुरलेल्या वादकांच्या सहापट मोठा निघाला. पण नुसत्या अशा ऐकण्याच्या सरावाने चार ते आठ तासांत ते वादकांच्या बरोबरीला आले. चार ते आठ तास! मॅथ्स थ्रीला आपण यापेक्षा जास्त वेळ नुसतं पुस्तक उघडायला लावतो. आता खरं सांगायचं तर हा सराव एकाच छोट्या कौशल्याचा आहे. तेवढ्याने कोणी वादक होत नाही. पण मला वादक कुठे व्हायचं होतं?

खेळच का, नुसता सराव का नाही, असं एका सरांनी विचारलं. माझं उत्तर असं की खेळात उत्तर ताबडतोब कळतं. सेमिस्टरचा पेपर आपण डिसेंबरमध्ये लिहितो आणि निकाल लागेपर्यंत काय लिहिलं होतं तेच विसरतो. इथे 'उतरा' लिहिलं आणि लगेच सगळे हसले, की तो सूर कानात तसाच असतानाच चूक बसते. शिवाय एकट्याने शुद्ध टोन दहा मिनिटं ऐकणं म्हणजे शिक्षा आहे हो. कटिंग पणाला लागला की तासभर ऐकता येतं.

महिन्याभरात मी १० सेंटच्या आसपास आलो. पण पखवाज म्हणजे काही ४४० हर्ट्झचा टोन नव्हे. थाप मारली की आवाज येतो आणि विरतो. मग आम्ही चहाचे चिनी मातीचे कप घेतले. कपावर पेन्सिल टिचकावली की टिंग् वाजतं, आत पाणी ओतलं की सूर उतरतो (जलतरंगाचं तत्त्व तेच). एकाने कप लावून ठेवायचा, दुसऱ्याने आपल्या कपात चमच्याने पाणी घालत तो सूर जुळवायचा. इथे एक गंमत सापडली. कानाच्या समोर टिचकावलं तर एक सूर आणि तिथून पंचेचाळीस अंशांवर टिचकावलं तर दुसरा. एकाच कपाचे दोन सूर! कानाचं वजन कपाच्या एका बाजूला असतं, त्यामुळे कंप पावायचे दोन प्रकार वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला जातात. मेकॅनिकलवाल्यांनी यावर मिनी प्रोजेक्ट करायला हरकत नाही. माझ्या डोक्यात मात्र लख्ख प्रकाश पडला. पखवाजाच्या पुडीला कडेने सोळा घरं असतात आणि प्रत्येक घरापाशी सूर सारखा यावा लागतो. दिवाळीत मी एकच थाप ऐकून निकाल दिला होता.

पखवाजाचा सूर लावता येतो याचं कारण त्याची शाई. साध्या ताणलेल्या कातड्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत नसतात, म्हणून ढोलाला आपण 'सा' विचारत नाही. मधोमध शाईचं वजन आलं की ते स्वर पटीत येतात. आपल्या वाद्यांबद्दलची ही गोष्ट सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये मांडली होती. फिजिक्सच्या पुस्तकात रामन इफेक्ट आहे, हे नाही. असो.

तालाचा खेळ आम्ही मेसमध्ये काढला आणि तो सगळ्यांत जास्त गाजला, म्हणजे दोन्ही अर्थांनी. लॅपटॉपवर तीनतालाचा ठेका लावायचा, सोळा मात्रा. दोन आवर्तनं सगळ्यांनी मिळून थाळीवर सम दाखवायची. मग आवाज पूर्ण बंद. मनात मोजायचं आणि तिसऱ्या समेला थाळी वाजवायची, त्याच क्षणी आवाज परत सुरू. पहिल्या रात्री बत्तीस थाळ्या बत्तीस वेळेला वाजल्या. पावसाळ्यात पत्र्यावर नारळ पडावेत तसं काहीतरी. आवाज ऐकून रेक्टर सर वर आले. आम्ही उभे राहिलो. सरांनी विचारलं, "काय चाललंय?" कोणीतरी सांगितलं. सर दारातच उभे राहिले, म्हणाले, "लावा परत." आवाज बंद झाल्यावर त्यांनी दाराच्या चौकटीवर फक्त एक टिचकी मारली आणि ठेका बरोबर तिथून सुरू झाला. सर लहानपणी दादरला तबला शिकायचे म्हणे. त्यानंतर मेसमध्ये दहापर्यंत परवानगी मिळाली. रूपक लावला की मात्र अजूनही सगळे फसतात, कारण सात मात्रांच्या या तालात समेवरच खाली असते, हात वाजवायच्या जागी उघडायचा. बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "भजनी ठेका लाव, आठ मात्रांचो. तोच बरो."

एक खेळ आम्ही बनवलासुद्धा. १९७८ साली अमेरिकेत 'सायमन' नावाचं खेळणं आलं होतं. राल्फ बेअर आणि हॉवर्ड मॉरिसन यांचं डिझाइन. चार रंगांची चार बटणं, प्रत्येकाचा एक दिवा आणि एक सूर. मशीन एक सूर वाजवतं, तुम्ही तोच दाबायचा, मग दोन, मग तीन, असं वाढत जातं. बेअर यांनी सूर निवडले ते बिगुलाचे, कारण ते कुठल्याही क्रमाने वाजले तरी कानाला खटकत नाहीत. आम्ही लॅबमधलं जुनं ८०५१ किट घेतलं आणि सूर ठेवले सा, ग, प आणि तार सा. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत सा २४० हर्ट्झ धरतात. म्हणून सा २४०, ग ३००, प ३६०, तार सा ४८०. एकास सव्वा, दीड, दोन. दिवे आम्ही दुसऱ्याच दिवशी काढून टाकले, कारण लोक रंग पाठ करत होते. डोळे मिटले की खरी परीक्षा.

पहिलं व्हर्जन वाजलं तेव्हा सांगलीकर म्हणाला, "वरचा सा खालच्याला मिळत नाही. दबलाय." आम्ही म्हटलं, प्रोग्रॅम बरोबर आहे, मोजून टाकलाय. तो ऐकेना. शेवटी सीआरओ लावला. बारा मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला टायमर दर मायक्रोसेकंदाला एक मोजतो. २४० हर्ट्झला अर्धी लहर २०८३ मायक्रोसेकंद, ४८० ला १०४२. पण इंटरप्ट आल्यावर टायमर पुन्हा भरेपर्यंत जाणारा वेळ, आमच्या कोडमध्ये १२ मायक्रोसेकंद, आम्ही वजा केलाच नव्हता. तेवढ्याच १२ ने खालचा सा १० सेंट उतरला आणि वरचा २०. म्हणजे सप्तकच १० सेंटने आखूड झालं होतं. सीआरओच्या आधी त्याच्या कानाने बग पकडला होता. त्या दिवसापासून हार्डवेअरवाल्यांनी त्याला 'सर' म्हणायला सुरुवात केली.

याच किटवर गांधाराचाही एक प्रयोग केला. पेटीचा ग हा सप्तकाचे बारा सारखे भाग करून येतो, २४० च्या सा ला तो ३०२.४. आपला ३००. एका स्पीकरवर एक, दुसऱ्यावर दुसरा असे दोन्ही एकदम वाजवले की आवाज सेकंदाला दोनअडीच वेळा हलतो. बारावीत ज्यांना आपण विस्पंद म्हणून पाठ केलं तेच हे. ते प्रत्यक्ष ऐकल्यावर, पेटीवर १९४० साली आकाशवाणीने बंदी का घातली असेल आणि ती उठायला १९७१ का उजाडावं लागलं, या वादातली एक बाजू निदान समजते. बंदी मला पटत नाही. आमच्या बुवांच्या पेटीशिवाय भजन कसलं?

रागांचा खेळ आम्ही सगळ्यांत शेवटी घेतला आणि तिथे थोडे आपटलो. सोपी पायरी अशी. 'सरस्वतीचंद्र' (१९६८) मधलं 'चंदन सा बदन' यमनमधलं. सुधीर फडक्यांनी 'भाभी की चूडियाँ' (१९६१) साठी केलेलं 'ज्योति कलश छलके' भूपाचं. भूपात म आणि नी नाहीत, यमनमध्ये सातही आहेत आणि म तीव्र. मग खेळ असा की यमन लावायचा आणि तीव्र मध्यम आला की हात वर करायचा. उगाच हात वर केला की बाद. तीन आठवड्यांत बऱ्याच जणांना तो म 'दिसायला' लागला. आमच्या छाती फुगल्या. तेव्हा सांगलीकराने दोन आलाप गाऊन दाखवले, दोन्हींत तेच पाच स्वर, सा रे ग प ध. "एक भूप, एक देसकार. सांगा कुठला कुठला." कोणालाही सांगता आलं नाही. देसकारात धैवताचं वजन जास्त, चालण्याची रीत वेगळी. मी म्हटलं, याचा खेळ करू या. तो म्हणाला, "याला गुरूंसमोर बसावं लागतं." दोन दिवस आम्ही नियम बनवायचा प्रयत्न केला, जमला नाही. खेळाने कान उघडतो, पुढचं त्याच्या हद्दीत नाही, हे मान्य करून टाकलं.

ज्यांना सॉफ्टवेअर, किट वगैरेचा कंटाळा आहे त्यांनी कॉलेजच्या मागच्या ट्रान्सफॉर्मरपाशी जावं. त्याचा तो 'हूं' आवाज १०० हर्ट्झचा असतो, कारण ५० हर्ट्झच्या प्रत्येक आवर्तनात गाभा दोनदा ताणला-आकसला जातो. पेटीच्या भाषेत खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचपेक्षा जरासा चढा. सगळा देश एकाच ग्रिडवर असल्यामुळे अंधेरीचा ट्रान्सफॉर्मर आणि आमच्या वाडीतली डीपी यांचा सूर एकच. घाटकोपरला मामाकडे जाताना आझाद नगरहून मेट्रो सुटली की मोटरचा सूर चढत जातो, तो कुठे थांबतो ते गुणगुणून धरायचा. शेजारचे बघतात, बघू द्या.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. हे खेळ खेळताना दोन मुलांच्या लक्षात आलं की त्यांना ८००० हर्ट्झच्या वरचा टोन एका कानाने नीट येत नाही. दोघंही इअरफोन लावून झोपणारे. अमेरिकेतल्या 'नायोश' या संस्थेचं गणित असं आहे की ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास चालतील, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबल आहे. अशा आवाजाने कान जातो तो आधी ४००० हर्ट्झच्या आसपास, आणि तिथे गेला तरी बोलणं ऐकू येत राहतं, म्हणून माणसाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. बाबांच्या प्रेस शॉपमध्ये किती डेसिबल होते ते कोणी मोजलं होतं की नाही, मला माहीत नाही. कानात घालायचे बोळे मिळायचे, पण ते घातले तर फोरमनची हाक ऐकू येत नाही, म्हणून कोणी घालायचं नाही, असं ते सांगतात.

गणपतीला गावी गेलो. रात्री आरत्या झाल्या, भजनाला मंडळी जमली. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावून झाली होती, उजवीचा सूर लावायचा होता. शेजारचा मुलगा हातोडी घ्यायला पुढे झाला, तेवढ्यात मी ती उचलून बाबांच्या हातात दिली. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी बुवांना सा धरायला सांगितला आणि बाबांच्या बाजूला, कान पुडीजवळ आणून बसलो.

"हय?" बाबांनी पहिल्या घरापाशी थाप दिली.

"उतरलो. वरसून मारा."

ठोका. "आता?"

"अजून जरासो."

एकेक घर करत आम्ही फिरलो. नवव्या घराला मी चुकलो, चढलेल्याला उतरलेला म्हटलं. ठोका बसल्याबरोबर ते माझं मलाच कळलं आणि तो आम्ही खालून मारून परत आणला. बुवांनी भाता थांबवला नाही. वीसेक मिनिटं लागली, शेजारच्या मुलाच्या चौपट. शेवटी बाबांनी पूर्ण थाप दिली. पेटीचा सा आणि पखवाज यांच्यात काही हलत नव्हतं.

"बसलो," बुवा म्हणाले, आणि लगेच गजर सुरू केला. बाबा वाजवत होते. मी मागच्या रांगेत बसून, या वेळी ओठ न हलवता, मोठ्याने म्हणत होतो. शेजारच्या काकांनी एकदा वळून बघितलं, तो भाग वेगळा. ऐकण्याचा आणि गाण्याचा अभ्यास वेगवेगळा असतो, आणि दुसरा मी अजून सुरू केलेला नाही.

फर्स्ट इयरच्या मुलांसाठी 'चढउतार' सबमिशन संपल्यावर पुन्हा सुरू होतोय. रात्री साडेनऊला, मेसमध्ये. ८०५१ चं किट लॅब असिस्टंट काकांच्या कृपेने आमच्याकडेच आहे. कप आम्ही देऊ. थाळी आपापली आणावी.